हौदाला गळती नव्हती

४ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

सप्रेम सलाम. प्रभूच्या कृपेने आम्ही सगळे सुखरूप आहोत आणि तूही असशील असं धरून चालतो. पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असशील. बारा वर्षांत मी तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. आजवर तुझ्या वहिनीच्या पत्राखाली "दादाचाही सलाम" अशी ओळ असायची. तीही तीच लिहायची, मला न विचारता.

माझं बरं चाललंय. उजवा गुडघा जिना चढताना बोलतो, बाकी तक्रार नाही. दुकान आता जावईच बघतो. पोरगा कष्टाळू आहे, पण त्याचं सगळं काम प्लास्टिकच्या पाइपचं. चिकटवलं की झालं. बाबांचं आटे पाडायचं यंत्र पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. परवा त्याला लोखंडी पाइपला आटे पाडून दाखवले, तर म्हणाला, "मामा, हात छान चालतो तुमचा." जसं काही मी बासरी वाजवत होतो.

एक बातमी सांगायची म्हणजे चर्चच्या कमिटीने पंच म्हणून माझं नाव पुढे केलंय. चाळीस वर्षं बाप्तिस्म्याच्या हौदाची देखभाल केली म्हणून असेल. हौद तुला आठवतो ना? व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली. बाबा गेल्यावर किल्ली माझ्याकडे आली ती अजून आहे. गेल्या महिन्यात तळाचं बाबांचं जुनं लाकडी बूच काढलं आणि नवा पितळी व्हॉल्व बसवला, आत जाड रबर घालून. आता दहा वर्षं बघायला नको. पितळ फार महाग झालंय हल्ली. असो.

मार्चच्या शेवटच्या रविवारी बाप्तिस्मे आहेत. आठ जणांची यादी आहे. नवे पाळकसाहेब तरुण आहेत, शिकवतात चांगलं, फक्त माइक तोंडाच्या फार जवळ धरतात.

यादी लावताना तुझी आठवण झाली. तुझ्या वेळी नेमका हौद गळायला लागला, नाइलाज झाला. तुला आठवत असेलच.

तुझी पंपदुरुस्ती कशी चाललीय? वहिनी म्हणते, आता हाताखाली दोन माणसं आहेत. ऐकून बरं वाटलं. प्रकृतीला जप.

तुझा,
दादा


२१ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

सलाम. तुझं उत्तर आलेलं नाही. बरंच झालं, आधी माझं पुरतं सांगून होऊ दे. मागचं पत्र पेटीत टाकून घरी आलो, तर वहिनीने विचारलं, "लिहिलंत का खरं?" मी म्हटलं, हो.  ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली, आणि घड्या घालण्याचा आवाज एवढा मोठा येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

आधी गंमत सांगतो. पंच व्हायचं तर बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतलं पान जोडावं लागतं. सेक्रेटरींनी जुनी वही काढली. मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हाचं पान उघडलं. अकरा नावं. माझं नाव नाही. पुढचं पान बघितलं, मागचं बघितलं. सेक्रेटरी म्हणाले, लिहायचं राहिलं असेल. मीही तेच म्हणालो आणि घरी आलो. जेवायला बसलो तेव्हा घास हातातच राहिला, कारण तो दिवस मला जसाच्या तसा आठवला.

त्या दिवशी हौद खरोखर गळत होता. बुचाचं रबर फाटलं होतं. बाबांनी मला हौदात उतरवलं, बुचावर टाच रोवून कोपऱ्यात उभं केलं आणि म्हणाले, "हलायचं नाही. आणि तोंड भिंतीकडे. ही वेळ त्यांची आहे, आपण बघायचं नाही." बाबांचा हा नियमच होता. मी छातीभर पाण्यात भिंतीकडे बघत उभा राहिलो. माझ्या पाठीमागे अकरा जण एकेक करून उतरले, बुडाले, वर आले. मी फक्त आवाज ऐकले. बारावा नंबर माझा होता. पण टाचेखालून पाणी जातच होतं, शेवटी ते गुडघ्यापर्यंत आलं. म्हातारे पाळकसाहेब कोपऱ्यात आले, माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि वर चढून गेले. मी चिंब भिजलेला होतोच. आईने पायरीवर टॉवेलात गुंडाळलं. लोकांनी हात मिळवले. बाबांना वाटलं, झालं. पाळकसाहेबांना वाटलं, बाबांनी पुढच्या खेपेचं काही ठरवलं असेल. मला वाटलं, माझा असाच असतो.

मी त्या दिवसावर साक्षही दिलीय रे. दोनदा, भर उपासनेत, "पाण्याखाली गेलो तेव्हा मला काय वाटलं" म्हणून. खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही. सांगता सांगता मलाच ते आठवायला लागलं होतं.

वहिनीला सांगितलं, तर आधी पोट धरून हसली. म्हणाली, "म्हणजे तीस वर्षं मी संसार केला तो कोणाशी?" मग माझा चेहरा बघून शेजारी येऊन बसली.

कमिटीने फार समजूतदारपणा दाखवला. सेक्रेटरी म्हणाले, बोभाटा कशाला, एखाद्या बुधवारी दार लावून आपल्यातल्या आपल्यात उरकून टाकू, तारीख मागची घालू. तुम्ही काय परके आहात का? मी लगेच हो म्हणालो. हायसं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. वही बंद करून ते चहा सांगायला उठले, आणि माझ्या डोळ्यांसमोर तुझा पांढरा शर्ट आला.

आता लिहितो. तीन दिवस हे पान असंच पडून आहे.

तू जेलमधून सुटलास तो मंगळवार होता. चौदा महिने. माझ्याच साइटवरून पितळी तोट्या चोरल्यास, त्याही शेठच्या, जे आपल्याच चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसतात. मला त्यांच्यासमोर मान खाली घालून उभं राहावं लागलं, तो राग मी चौदा महिने जपून ठेवला होता. तू आलास, सहा आठवडे तेव्हाच्या पाळकसाहेबांच्या वर्गाला बसलास, शेवटच्या बाकावर. त्यांनी तुझं नाव यादीत घातलं. यादीचा क्रम मी लावायचो. माझा एक हिशेब होता, तो मी कधी कुणाला बोलून दाखवला नाही: जुन्या घरातली मुलं आधी, पाणी गरम आणि स्वच्छ असताना. बाकीचे मागून. हॉस्पिटलातले झाडूवाले, गॅरेजातली पोरं, कुठून कुठून आलेले. तोवर पाणी गार झालेलं असायचं, गढूळही. तुझं नाव मी सगळ्यात खाली लिहिलं, नववं.

त्या रविवारी आठ जण झाले. नवव्याला तू पायरीवर उभा होतास, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी तिसऱ्या बाकाकडे बघितलं. शेठ बघत होते. ते काय विचार करत होते देव जाणे, पण मी ठरवून टाकलं की मला माहीत आहे. मी पाळकसाहेबांच्या कानात म्हणालो की हौद गळतोय, पाणी इमारतीच्या पायात मुरतंय, आता थांबवावं लागेल. नळाच्या माणसाने सांगितल्यावर कोण शंका घेणार? मी फळ्या टाकल्या. तू मला म्हणालास, "असू दे दादा. दुरुस्त झाला की सांग."

मी सांगितलंच नाही. पुढच्या महिन्यात म्हणालो, रबर मिळत नाही. त्याच्या पुढच्या महिन्याला तू गाव सोडून गेला होतास.

हौदाला गळती नव्हती, बारक्या. एक थेंबही नाही.

आईच्या मातीला आलास तेव्हा तू मागे उभा राहिलास आणि चहा न घेता गेलास. तेव्हा सांगता आलं असतं. आईला शेवटपर्यंत वाटत होतं की हौदानेच घात केला. मी तिलाही ते मानू दिलं.

सेक्रेटरींना मी बुधवारचं नको म्हणून सांगितलं. तुला रविवारीसुद्धा दार उघडलं नाही, आणि मला मागच्या दाराने घेणार. वशिला म्हणतात तो हाच. नव्या पाळकसाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, तुझ्यासकट.  ते म्हणाले, "काका, प्रभूच्या तारणाला वशिला लागत नाही. तुमच्या भावाला लागला नसता. तुम्हालाही लागणार नाही. रांगेत या." मी विचारलं, रांगेत कुठे? ते म्हणाले, यादी तुम्हीच लावता ना.

लावली. नववं नाव माझं आहे.

किल्ली माझ्याकडे होती, मी लोकांना आत सोडत होतो आणि अडवत होतो, आणि मी स्वतः अजून पायरीवरच. याची लाज वाटते. पण खरं सांगू, लाजेपेक्षा एक वेगळंच वाटतंय. सत्तावन्नाव्या वर्षी मला कुणी म्हणालं नाही की तुझी वेळ गेली. मी तुला जे म्हणालो ते मला कुणीच म्हणालं नाही. त्याबद्दल प्रभूचे आभार मानायला बसलो की नुसतं बसून राहतो.

तू ये असं म्हणायचा मला हक्क नाही. तरी रविवार २८ मार्च, सकाळी नऊ. माफ कर किंवा करू नकोस, पण खरं काय ते तुझ्याकडे असायला हवं होतं.

तुझा अपराधी,
दादा


३ एप्रिल

प्रिय बारक्या,

सलाम. तुझी पँट आणि सदरा वहिनीने वाळवून, इस्त्री करून ठेवलाय. या पत्रासोबत पार्सल करतोय. मोजा एकच सापडला, दुसरा हौदात गेला असेल. सापडला की कळवीन. या हौदाबाबत कळवायचं राहिलेलं आता काही ठेवायचं नाही.

रविवारच्या आधी आलेलं तुझं पोस्टकार्ड मी अजून खिशात घेऊन फिरतोय. थोड्याच ओळी लिहिल्यास, त्याही पेन्सिलने. "दादा, मला त्याच दिवशी कळलं होतं. दुपारी पाना घेऊन तुला मदत करायला परत आलो होतो. हौदाची मागची मोरी ठणठणीत कोरडी होती. फळी उचलली तर पाणी भरायच्या खुणेपर्यंत, पांढऱ्या रेघेपर्यंत होतं. फळी परत ठेवली आणि घरी आलो." हे वाचून मी दुकानाच्या पायरीवर बसलो. तू पाना घेऊन आला होतास, बारक्या. ज्याने तुला परत पाठवलं त्याला मदत करायला. बारा वर्षं तुला ठाऊक होतं, आणि दरवर्षी वहिनीला पत्र टाकून विचारायचास, दादाचा गुडघा कसा आहे.

पुढे लिहिलंस की आठ महिन्यांनी दुसऱ्या गावात, एका बांधकामाच्या टाकीत तुझा बाप्तिस्मा झाला. पाणी गुडघाभर, म्हणून तुला आडवं करून बुडवलं, आणि पाळक दिवसा तिथेच सिमेंटची पोती वाहायचे. वहिनीने ते कार्ड वाचलं आणि म्हणाली, "बघा, त्याला कुणी अडवू शकलं नाही. तुम्हीसुद्धा." मला आधी टोचलं, मग इतकं बरं वाटलं की काय सांगू. तुझं सगळं माझ्या हातात आहे असं मी समजत होतो. नव्हतं. देवाचे उपकार, नव्हतं.

आता रविवारबद्दल. तू म्हणशील, मी तिथेच तर होतो, मला काय सांगतोस. पण तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास. तुला दिसलं नाही ते मला सांगायचंय.

सकाळी आठला मी फळ्या उचलल्या तर पाणी रेघेच्या चार बोटं खाली. माझा नवा पितळी व्हॉल्व! रबर निसटलं होतं. पुरा हौद रिकामा केल्याशिवाय बसवता येणार नाही, आणि लोक यायला लागलेले. मी पायरीवर उभा. पाळकसाहेबांना माझी गोष्ट माहीत होती. आज मी कुणाच्या तोंडाने म्हणू की हौद गळतोय? त्यांच्याकडे गेलो आणि मान वर न करता सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय वाटलं असेल ते मला कळलं आणि रागही आला नाही, कारण ते वाटणं मी कमावलं होतं.

तेवढ्यात तू बाजूच्या दाराने आत आलास. हातात पिशवी, बूट चिखलाने भरलेले, आणि उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत ओली. सलाम नाही, काही नाही. म्हणालास, "मोरीत हात घालून आलो. या वेळी खरंच गळतोय, दादा."

आणि मग बूट काढत विचारलंस, "बसवला कुणी हा?"

पाळकसाहेब हसले. मी हसलो की रडलो ते मला विचारू नकोस. तू पँट दुमडलीस, ती दुमडून काही उपयोग नव्हता, आणि हौदात उतरून व्हॉल्ववर टाच रोवलीस. मग मी न सांगता भिंतीकडे वळलास. बाबांचा नियम तुलाही आठवत होता.

ऐक आता. सगळ्यात आधी हॉस्पिटलात फरशी पुसणारी मावशी उतरली. पाणी गरम होतं. तिला ते अपेक्षित नव्हतं. पाय घालताच दचकली आणि मग लहान मुलीसारखी हसली. तिसरा गॅरेजवाला, त्याच्या मानेवरचं ग्रीस काही निघालेलं नव्हतं, पाण्यावर तेलाची साय आली. पाचवी शेठची नात. तेलाची साय हाताने बाजूला करून उतरली. मी आजवर तिच्यासारख्यांसाठी पाणी राखत होतो आणि तिला त्याचं काहीच नव्हतं. सातवा बस डेपोतला म्हातारा, त्याला दोघांनी धरून उतरवलं, आणि वर आल्यावर त्याने तुझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात कुणाचा म्हणून तू मला विचारलं होतंस, तो त्याचा. त्याला वाटलं, तूही रांगेतलाच आहेस. सगळे वर आले की तोंडावरून एकसारखेच दिसत होते रे. डोळे मिटलेले, पाणी निथळतंय, श्वास घ्यायची घाई. कोण कुठल्या बाकावरचा ते मला ओळखू येईना, आणि बाक बघून यादी लावणारा मी.

मग नववा. पाणी गार, मांडीपर्यंत उतरलेलं, गढूळ. तुझ्या टाचेने होईल तेवढं राखलं होतंस. पाळकसाहेबांनी विचारलं, काही सांगायचंय का? माइक त्यांच्या गळ्यात होता. मी म्हणालो, "बारा वर्षांपूर्वी या हौदाला गळती नव्हती. मी माझ्या भावाला परत पाठवलं. तो कोपऱ्यात उभा आहे." एवढंच आलं. मी तुझ्या पाठीकडे बघत होतो. तुझे खांदे हलले, पण तू वळला नाहीस, आणि टाचही हलवली नाहीस.

पाण्याखाली गेलो तेव्हा मला काय वाटलं? या वेळी खरं सांगतो. गार वाटलं. नाकात पाणी गेलं. साक्षीत मी सांगायचो तसलं काही झालं नाही. वर आलो तेव्हा कुणीतरी माझा दंड घट्ट धरला होता, आणि पाळकसाहेबांचे दोन्ही हात माझ्या पाठीखाली होते. म्हणजे दंडावरचा तो हात तुझा होता. टाच व्हॉल्ववर ठेवूनच तू मागे वाकला होतास, भिंतीकडे तोंड करून.

तू सोमवारच्या बसने गेल्यावर शेठ दुकानात आले होते. काठी टेकत खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता काय ऐकावं लागतंय. म्हणाले, "त्या दिवशी मी तुमच्या भावाकडे बघत होतो ते एवढ्यासाठी की तो उतरला की मी टॉवेल घेऊन पुढे जाणार होतो. मांडीवर घेऊनच बसलो होतो." मग काठी उचलत म्हणाले, "त्या तोट्या तशा हलक्याच होत्या." तुला सलाम सांगितलाय.

पंच मी होत नाही. कमिटीला सांगितलं, पाच-सहा वर्षं जाऊ देत, मी अजून नवा आहे. हौदाची किल्ली मावशीकडे दिली. यादी ती लावते. मी फक्त रबर बदलतो. व्हॉल्व काढून बाबांचं लाकडी बूच परत बसवलंय, जावयाला सांगू नकोस.

नोंदवहीत माझं नाव लागलं, मागच्या तारखेने नाही तर २८ मार्चच्याच, जशी आहे तशी. सेक्रेटरी लिहीत होते तेव्हा मी हिशेब केला. तुझा बाप्तिस्मा अकरा वर्षं आधीचा. घरी वहिनीला सांगितलं तर म्हणाली, मग यापुढे पत्राखाली सही नीट करा.

म्हणून करतो. खूप आभार, बारक्या. दाराशी थांबलास, परत फिरलास, तरी माझ्यासाठी टाच रोवून उभा राहिलास. मुलांना आशीर्वाद, तुझ्या घरच्यांना सलाम. उन्हाळ्यात सगळ्यांनी या, आणि या वेळी चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.

तुझा धाकटा भाऊ,
दादा